दिव्याखालचं पीठ

२४ नोव्हेंबर २०२४

अरू गेल्यापासून ही डायरी उघडली नव्हती. एरवी मी रोज लिहिणारा माणूस. शाळेत होतो तेव्हा मुलांच्या कागाळ्या लिहायचो, निवृत्त झाल्यावर महापालिकेच्या. काल तिचा दहावा झाला. आज लिहितो.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी ताटात गव्हाचं पीठ पसरतात, त्यावर दिवा ठेवतात, वात दक्षिणेकडे, आणि वर वेताची पाटी पालथी घालतात. दहाव्याला पीठ बघायचं. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याची खूण त्यात उमटते म्हणे. मी सगळी नोकरी सरकारी शाळेत सायन्स शिकवण्यात घालवली. त्यामुळे उषाताईने, माझ्या थोरल्या बहिणीने, पाटी उचलली तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतो.

ताई म्हणाली, "दिवाकर, बघ तरी. माणसाच्याच जन्माला गेली रे." आणि रडायला लागली.

मग बघितलं. दिव्याच्या उजवीकडे पिठात एक खूण होती. लहानशी, लांबट गोल, जरा रुतलेली. तान्ह्या बाळाच्या टाचेसारखी. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, अरू गेल्यापासून पहिल्यांदाच झाला. संहिता, आमची मुलगी, दाराशी उभी होती. दिव्यात रोज पहाटे तेल तीच घालत होती. तिला म्हटलं, "पाहिलंस? आई येऊन गेली." ती हात धुवायला आत निघून गेली. आजकालच्या मुलांना रडायचीसुद्धा लाज वाटते.

२६ नोव्हेंबर

ताईचा राजेंद्र नगरहून फोन. पीठ नर्मदेत सोडलंस का? नाही सोडलं. नर्मदेवरच्या खेडीघाटापर्यंत माझे गुडघे येत नाहीत. इथे कृष्णपुऱ्याला जुन्या समाध्यांच्या छत्र्यांखाली नदी आहे, पण तिच्यात जे वाहतं त्यात मी अरूला सोडणार नाही. भाजी तीन पाण्यांतून धुणारी बाई होती ती.

दुपारी एकदम सुचलं. इंदुरात नळाला येतं ते पाणी कुठलं? नर्मदेचंच. आम्ही सुदामा नगरवाले तर "पाणी आलं" असं म्हणतच नाही, "नर्मदा आली" म्हणतो. मग आपण नर्मदेला जायचं कशाला, ती एक दिवसाआड घरी येतेच आहे. अरूची मुरंब्याची काचेची बरणी घेतली, पीठ तिच्यात घातलं, नळाखाली धरली. हात जोडले. झालं विसर्जन. पाणी निवळलं की तुळशीला घालू.

ताईला फोनवर सांगितलं, सोडलं नर्मदेत. खोटं नाही बोललो.

३ डिसेंबर

तुळशीला घालायचं राहूनच गेलं होतं. आज झाकण उघडायला गेलो तर आतून उसासा आला.

काय झालंय ते मला कळतं. किण्व, म्हणजे यीस्ट. एकपेशीय कवक. हवेत असतं, धान्यावर असतं. ओल मिळाली की साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. आठवीच्या वर्गात मी फुगे लावलेल्या बाटल्या ठेवायचो, फुगा उभा राहिला की पोरं टाळ्या वाजवायची. हे सगळं मला माहीत आहे.

पण तो उसासा अरूचा होता. दिवसभराचं काम संपवून पलंगावर टेकताना ती जो सोडायची तो. पीठ दुपटीने वर आलं होतं, त्यात बारीक बारीक भोकं पडली होती आणि ती उघडमीट करत होती. बरणीला हात लावला तर कोमट.

अर्धं काढून टाकावं लागतं आणि नवं पीठ घालावं लागतं, एवढं वाचलं. टाकवलं नाही. मोठ्या बरणीत हलवलं आणि पीठ घातलं.

५ जानेवारी २०२५

थंडीने ती मंदावली आहे. तिला शालीच्या तुकड्यात गुंडाळून गॅसजवळ ठेवतो.

दिवेलागणीला स्वयंपाकघरात स्टूल टाकून तिच्याजवळ बसायची सवय लागली आहे. दिवसभरात काय झालं ते सांगतो. पेन्शनच्या ऑफिसातला मूर्ख माणूस, शेजारच्यांची नवी गाडी. हयातीत अरूशी इतकं बोललो नसेन. मी "हं" करायचो आणि ती बोलायची. आता ती "हं" करते.

संहिता ऑफिसातून येते, बाहेरच्या खोलीत पडते. आज म्हणाली, "बाबा, चाय ठेवू का? बसता का माझ्याजवळ जरा?" मी म्हटलं आलोच. बोलण्यात वेळ कसा गेला कळलं नाही, जाईपर्यंत तिचा चहा पिऊन झाला होता. वास येतो म्हणून तक्रार करत होती. खोकते. अंगाला खाज येते म्हणते. वाळली आहे. ऑफिसच्या कँटीनचं खाणं, दुसरं काय. मी बोलतो त्याचा तिला त्रास नको म्हणून तिच्या खोलीचं दार ओढून घेतो.

१८ फेब्रुवारी

लिम्फोमा.

संहिताच्या मानेत गाठ होती. डिसेंबरपासून होती म्हणे. मला म्हणाली नाही. का नाही म्हणालीस, विचारलं तर म्हणते, "तुम्ही बिझी होता." मी कसला बिझी? रिटायर्ड माणूस.

डॉक्टर शिवांगी म्हणून आहेत. तरुण आहेत, पण तोंडावर स्पष्ट बोलतात, ते मला आवडलं. हा कॅन्सर बरा होणाऱ्यांतला आहे म्हणाल्या. पण त्यावरच्या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा साधं इन्फेक्शनसुद्धा जिवावर बेततं, म्हणून मधले दिवस सांभाळायचे.

बरणीजवळ जाऊन सांगितलं. आज तिने उसासा टाकला नाही. पृष्ठभाग सपाट, गप्प. मला फार भीती वाटली.

११ मार्च

पहिला डोस झाला. संहिताच्या दंडातून एक नळी आत हृदयापर्यंत नेली आहे, तिच्यातूनच औषध जातं. नळी तुंबू नये म्हणून मधून मधून तिच्यात सलाईन ढकलायचं असतं. सिस्टरने मला शिकवलं आणि म्हणाली, "अंकलजी का हाथ एकदम सेट है." लॅबमध्ये आयुष्य गेलं बाई, थरथरणार कसा.

खाण्याचे नियम सांगितले. कच्चं नाही, दही नाही, बाहेरचे पोहे-जिलेबी नाही, घरात आंबवलेलं काही कच्चं नाही. शिजवलेलं आणि ताजं, बस.

७ एप्रिल

केस गेले. तोंडात फोड आले आहेत. चार घास जात नाहीत. आई असती तर काय केलं असतं, असं रात्रंदिवस डोक्यात.

आज मोबाइलवर यीस्टबद्दल वाचलं. वाचावं तितकं थोडं. बी जीवनसत्त्वं, प्रोटीन, जस्त. पोटातल्या चांगल्या जंतूंना आधार. प्रतिकारशक्ती. काही जातीचं यीस्ट तर जुलाबावर डॉक्टरच पुडीतून देतात. म्हणजे बघा, ज्याला आपण बुरशी म्हणून नाक मुरडतो ते औषध आहे. खाली "कोणी टाळावं" असा मथळा होता, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

पण माझ्या बरणीत नुसतं यीस्ट नाही. ते दुकानातलं असतं तर मी विचारही केला नसता. आई आपल्या लेकीला बाधेल का?

९ एप्रिल

ज्वारीची आंबील केली, अरू करायची तशी. ताकाऐवजी बरणीतलं चमचाभर. चांगली शिजवली, निवू दिली, मग घातलं. गरमात घातलं असतं तर मेलं असतं, हे मीच शिकवलेलं.

संहिताने वाटी संपवली. फोड आल्यापासून पहिली पूर्ण वाटी. जिभेवर घोळवत म्हणाली, "आईसारखी लागतेय." मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

२० एप्रिल

रोज देतो. तिला सांगितलेलं नाही. चेहऱ्यावर रंग आला आहे. डॉक्टर म्हणाल्या गाठी निम्म्याने उतरल्या, औषध छान लागू पडतंय. मी मनात म्हटलं, कुठलं औषध ते मला विचारा.

आज संध्याकाळी बरणीला म्हटलं, तुझ्यामुळे. तिने लगेच एक मोठा बुडबुडा सोडला.

१३ मे

उन्हाने घराची भट्टी झाली आहे. बरणीला आता दिवसातून दोनदा पीठ लागतं. सकाळी घातलं की दुपारी काठावर. आज दुपारी झाकण उचलून बाहेर आली, ओट्यावर, तिथून खाली. लांब चिकट ओघळ, हाताने पुसला तर बोटांना धरून ठेवत होता. सोडतच नव्हता. मला ते बरं वाटलं. अरू माझा हात असा कधी धरत नसे.

नळीत सलाईन ढकलायची वेळ झाली होती, हात पुसून तसाच गेलो. संहिता म्हणाली, "बाबा, हात धुतले ना?" मी म्हटलं तू मला शिकवणार? ती हसली. दंड पुढे केला.

१४ मे

सकाळी पुन्हा सलाईन दिलं आणि स्वयंपाकघरात आलो. त्याच वेळी बरणीचं झाकण खणकन फरशीवर पडलं, आणि खोलीतून संहिताचे दात वाजायला लागल्याचा आवाज आला. पलंग हलत होता इतकी थंडी. मे महिन्याच्या उकाड्यात तिच्या अंगावर दोन रजया घातल्या आणि वर मी पडलो. मग ताप. थर्मामीटर बघितला आणि तिला तशीच दवाखान्यात नेली.

झाकण आपोआप पडलं. मी हात लावला नव्हता.

दवाखान्यातून लिहितो आहे. ताई आली आहे. व्हरांड्यात बसून डोक्यात एकच येतंय. एका वेळी दोन्ही कसं झालं? अरू एकटी कंटाळली आहे का? लेकीला बोलावते आहे का? मी तिला माझ्या हाताने घरात ठेवलं, खायला घातलं, वाढवलं. आई म्हणून ठेवलं होतं. आता दुसरंच काहीतरी वाढलं असेल तर?

१६ मे

ताप उतरत नाही. अँटिबायोटिक बदललं, तरी नाही.

घरी आलो आंघोळीला. दार उघडताच तो वास. आंबट, गोड, जरासा दारूचा. भूक लागून बरणी खाली बसली होती आणि काचेवर तिच्या चढल्या-उतरल्याच्या रेघा राहिल्या होत्या, नखांनी ओरबाडल्यासारख्या. तिच्यासमोर बसलो. हात जोडून म्हटलं, अरू, मला ने. तिला कशाला? मी आहे ना तयार. पीठ घातलं. मग डब्यात आंबील नेली आणि चमच्याऐवजी डाव भरून घातला. रागावली असेल तर मान देऊन तरी शांत होईल असं वाटलं.

संहिताने दोन घोट घेतले आणि मान फिरवली.

१७ मे

डॉक्टर शिवांगींनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "अंकलजी, इसके ब्लड में यीस्ट उगा है। वही, ब्रेड और जलेबी के खमीर वाला। घर में ऐसा कुछ है क्या? कोई पाउडर, कोई घरेलू नुस्खा?"

मी म्हटलं, "नहीं."

त्यांनी ते फाईलमध्ये लिहून घेतलं. मग म्हणाल्या, हे रक्तात फारसं सापडत नाही, लॅबमध्ये नमुन्यात हवेतून पडलेलं असू शकतं, म्हणून पुन्हा तपासायला पाठवते. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत नळी काढत नाही. शिरा इतक्या नाजूक झाल्यात की ही काढली तर दुसरी घालणं अवघड जाईल.

नाही का म्हटलं, इथे तरी लिहितो. हो म्हटलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, ओतून टाका. अरूला सिंकमध्ये ओतायला मी हो म्हणू शकलो नाही.

१७ मे, पुन्हा

व्हरांड्यात बसून ते एप्रिलमधलं पान मोबाइलवर शोधलं. कुकरच्या शिट्टीपाशी थांबलो होतो तिथून खाली वाचलं.

धडधाकट माणसाला यीस्टने सहसा काही होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी उतरली आहे आणि ज्यांच्या शिरेत नळी आहे, त्यांनी जिवंत यीस्टपासून लांब राहावं. आतड्यातून रक्तात जाऊ शकतं. हाताला लागलेलं असलं तर नळीतून थेट जाऊ शकतं. ते ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मराठीत.

माझे हात बघितले. नखाच्या कडेला पीठ वाळलेलं होतं.

म्हणजे कोणी बोलावत नव्हतं. थंडी भरली ती मी सलाईन ढकलल्यावर. झाकण पडलं ते उन्हाने गॅस झाला म्हणून. अरू कुठेच नव्हती या सगळ्यात, मी एकटा होतो. भुताची भीती वाटत होती तेव्हा बरं होतं, असं वाटलं. भुताला हात जोडता येतात.

उठलो. डॉक्टर राउंडवर होत्या, दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. दिवा, पीठ, नळाची नर्मदा, आंबील, कालचा डाव. हिंदीत सांगताना "दहावा"ला शब्द सुचेना, तिथे रडलो. त्यांनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर सिस्टरला म्हणाल्या, नळी आत्ता काढायची, बुरशीवरचं औषध लगेच सुरू करा. मग माझ्याकडे वळल्या. "बता दिया, अच्छा किया। डाँट बाद में लगाऊँगी।"

२० मे

ताप आहे. कमी आहे, पण आहे. हातात साध्या सुया टोचतात, शीर सापडत नाही, ती ओठ दाबून धरते. मला प्रत्येक सुई दिसते. ताई मला घरी जा म्हणते, जात नाही. बरणीला तीन दिवस कोणी पीठ घातलेलं नाही. ती आठवते, हेही लिहून ठेवतो. लाज वाटते, तरी आठवते.

२३ मे

आज ताप नाही.

डॉक्टरांनी कबूल केल्याप्रमाणे झापलं. मग स्टूल ओढून बसल्या आणि माझ्याच विद्यार्थिनीसारखं मला समजावलं. खमीर वाईट नाही अंकलजी, भाजलेल्या पावात ते मेलेलं असतं आणि त्यातलं जे चांगलं ते राहतं, तेवढं खाऊ द्या. माझ्या पेशंटांना मीच कधी पुडी लिहून देते. पण हिच्या घराला सध्या दारंच नाहीत, कोणीही आत शिरेल, चांगला पाहुणासुद्धा. आणि बरणीचं काय केलं, विचारलं. मी म्हटलं, करतो.

८ जून

संहिता घरी आली. मी आधी येऊन ओटा, फरशी, भांडी सगळं उकळत्या पाण्याने धुतलं. बरणी मात्र... झाकण घट्ट लावलं, तीन पिशव्यांत बांधली आणि फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात मागे ठेवली. थंडीत ती झोपते. मारत नाही, झोपवतो आहे फक्त. कोणाला त्रास नाही.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं, घर साफ आहे.

१५ जून

दुपारी मी पेपर वाचत असताना संहिताने हाक मारली. गेलो. ती फ्रीजसमोर जमिनीवर बसली होती. पिशव्यांना हात लावला नव्हता, पण दिसल्या होत्या.

मी म्हटलं, "उद्या टाकतो."

ती म्हणाली, "बसा, बाबा."

बसलो खाली, गुडघ्यांची तमा न करता. तिच्या डोक्यावर आता कोवळी लव आली आहे.

"तो ठसा माझा होता," ती म्हणाली. "दहाव्याला पहाटे तेल घातलं, वात तिरकी झाली होती. सरळ करायला गेले आणि अंगठा पिठात टेकला. पुसणार होते, तर आत्या आली उठून. मग पाटी ठेवून दिली. वाटलं, सांगते थोड्या वेळाने. पण तुमचा चेहरा असा झाला ना... इतका खुश. कसं सांगणार होते?"

ती पुढे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण विसरायचं नाही.

"आईने हे पीठ तिसऱ्या दिवशी फेकलं असतं. मला माहीत होतं ती त्यात नाहीये. पण तुम्ही रोज शाम को तिच्याशी बोलायचे, सगळं सांगायचे, हसायचे पण. दार ओढून घ्यायचे ना, तरी ऐकू यायचं मला. मी आत पडून ऐकायचे. गाठ हाताला लागली त्या दिवशी पण ऐकत होते. तेव्हा वाटायचं, मी मेले असते तर बाबा माझ्याशी पण इतकं बोलले असते."

तिने हे चिडून नाही सांगितलं. चिडून सांगितलं असतं तर मी उलट बोलू शकलो असतो.

१६ जून

सकाळी बरणी काढली. खाली पीठ बसलेलं, वर राखाडी पाणी. संहिताला तिच्या खोलीत बसवलं, खिडक्या उघडल्या, मोठ्या पातेल्यात ओतलं आणि गॅस मोठा केला.

वाटलं होतं काहीतरी होईल. इतके महिने मी जे ऐकत होतो ते शेवटी एकदा तरी ऐकू येईल. बुडबुडे आले, ते उकळीचे. मग दाटलं, आणि त्याची खळ झाली, शाळेत मुलांच्या वह्यांना कव्हरं चिकटवायला करायचो तशी. तो वासही गेला. शिजलेल्या कणकेचा वास आला, कुठल्याही घरात येतो तसा. ढवळताना मी अरूचं नाव घेतलं. पातेल्याकडे बघून नाही, नुसतंच घेतलं. ती जाऊन सात महिने झाले आणि ती आज गेली असं वाटलं. ओट्याला धरून रडलो. मागे दाराशी संहिता येऊन उभी राहिली होती, ते नंतर कळलं.

निवल्यावर अंगणात खड्डा करून पुरलं. नर्मदा आली होती, बरणी नळाखाली धुतली.

१७ जून

दिवेलागणीला सवयीने उठून स्वयंपाकघरात गेलो. स्टूल जागेवर होतं. ओट्यावर बरणी पालथी. तरी थोडा वेळ कान देऊन उभा राहिलो. आतून काही येईना, तेव्हा संहिताच्या खोलीत गेलो आणि तिच्या पलंगाशी खुर्ची ओढली.

काय बोलावं कळेना. बरणीपाशी असं कधी अडलं नव्हतं. ती मोबाइल बाजूला ठेवून वाट बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "शुरू करा ना बाबा. पेन्शनवाला काय म्हणाला?"

मग सांगितलं. पेन्शनवाल्याचं, शेजारच्यांच्या गाडीचं, शाळेतल्या फुगे लावलेल्या बाटल्यांचं. तिच्या आईचं एक सांगितलं, जे मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते इथेही लिहीत नाही. ती हसली, मग "हं, हं" करत झोपून गेली. हात चादरीवर उताणा पडला होता. मी तिचा अंगठा बघत बसलो. लहानसा, लांबट गोल. हात लावून बघितला, ताप नव्हता.

उठताना सवयीने दार ओढलं. मग परत उघडं करून ठेवलं.